सरळ रेषेत तीस किलोमीटर

मयूर विहार फेज वन, दिल्ली
५ ऑक्टोबर

चि. संघपाल,

जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडणारच असशील, तर आधी हे एवढं पान वाच आणि मग खुशाल फाड. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला दहा महिने झाले. प्रभाला फोन केला तर ती बिचारी "ताई, ते बाहेर गेलेत" म्हणते आणि मागे तुझा खोकला ऐकू येतो. तुझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही, तिला सांग. म्हणून हे स्पीड पोस्ट. मानेसरला पोहोचायला दोन दिवस लागतील म्हणे. साठ किलोमीटरला दोन दिवस! चलो, तेही चालेल.

कारण असं, की २७ नोव्हेंबरला बाबांना जाऊन वर्ष होतंय. आईनं नांदेडला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय. भन्तेजी येणार आहेत, भोजनदान आहे, बाबांच्या शाळेतले जुने मास्तर लोक येणार आहेत. पत्रिकेचा नमुना काल छापखान्यातून माझ्या फोनवर आला. खाली निमंत्रकांची नावं आहेत. श्रीमती कौसल्या यशवंत गजभारे. सौ. लुंबिनी अविनाश सरोदे. आणि समस्त गजभारे परिवार.

तुझं नाव नाही. मी मोठं करून तीनदा बघितलं. लगेच आईला फोन लावला. म्हटलं, "आई, संघपालचं नाव राहिलंय." तर म्हणाली, "राहिलं नाही. टाकलं नाही." आणि फोन ठेवून दिला.

तू तरीही ये, यार. मुलगा नाही म्हणून लोक विचारणारच. बाबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावायला तू नसशील तर कसं दिसेल ते? आईशी मी बोलते, ते माझ्यावर सोड.

आता त्या दिवसाचं एकदा वेळांसकट लिहून टाकते, म्हणजे तुझ्या डोक्यातलं जाईल. तुला माहीत आहे, मंत्रालयात अकरा वर्षं मी साहेबांचे टूर प्रोग्राम करते. निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, मधलं अंतर, सगळं मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

२६ नोव्हेंबर, संविधान दिन. ऑफिसच्या लॉबीत आम्ही सगळे उभे राहून उद्देशिका वाचत होतो. "आम्ही भारताचे लोक" म्हणताना आईचा फोन. बाबा आयसीयूत, डॉक्टर म्हणतात दोन-तीन दिवस काढतील, पोरांना बोलावून घ्या. सचखंड एक्सप्रेसनं जायचं तर एक अख्खा दिवस आणि वर काही तास. थेट विमान होतं ते फक्त गाझियाबादच्या हिंडन विमानतळावरून, दुसऱ्या दिवशी दुपारी बारा चाळीसला. एक हजार साठ किलोमीटर, दोन तास. नकाशात बघ, हिंडन आणि नांदेड जवळजवळ एकाखाली एक आहेत, विमानाला फक्त नाकासमोर खाली यायचं. मी उभ्याउभ्या दोघांची तिकिटं काढली आणि तुला मेसेज केला: "उद्या १२.४० ची फ्लाइट, दिल्ली-नांदेड, अकराच्या आत पोहोच, तिकीट माझ्याकडे आहे."

हिंडन लिहायचं राहिलं. मान्य. पण अरे बाबा, अशा वेळी कुणाचं डोकं ठिकाणावर असतं? आणि तू तरी विचारायचंस की, कुठला एअरपोर्ट म्हणून. बारा वर्षं या भागात राहतोस. तू गेलास पालमच्या मोठ्या विमानतळावर, तुझ्या घरापासून जवळ म्हणून. तिथून तू मला फोन केलेस ते मला ऐकूच आले नाहीत, फोन पर्समध्ये तळाशी होता. सव्वादहाच्या पुढे बघितला तेव्हा तुला सांगितलं आणि तू टॅक्सी धरलीस, पण दिल्ली मधोमध पार करायची म्हणजे दोन तास कुठे गेले नाहीत. तू पोहोचलास तेव्हा काउंटर बंद होऊन अर्धा तास झाला होता. मी विमानात बसले होते.

दोन विमानतळांत सरळ रेषेत तीस किलोमीटर आहेत, मी नंतर मोजलं. विमानानं दहा मिनिटं लागणार नाहीत. पण तिथून तिथे विमान जात नाही, त्याला कोण काय करणार? चूक झाली, दोघांची मिळून झाली. तुला सुट्टी मिळाली नाही हे आई कुठून घेऊन बसलीये मला माहीत नाही. म्हातारी माणसं एकदा एक धरून बसली की बसली.

पत्राचं उत्तर दे. नाही दिलंस तर मी दुसरं लिहीन, मला ओळखतोस तू.

तुझी ताई,
लुंबिनी


मयूर विहार
१९ ऑक्टोबर

चि. संघपाल,

जय भीम.

पहिलं पत्र आठ तारखेला दुपारी तुझ्या हातात पडलंय. ट्रॅकिंगवर दिसतं. तेव्हा मिळालं नाही म्हणू नकोस.

इथे दिवाळीची गडबड आहे. खालच्या मजल्यावरची सरदारीण मिठाई घेऊन आली आणि नेहमीसारखी म्हणाली, "आप तो हुज़ूर साहिब वाले हो जी, नसीब वाले हो." आपण नांदेडचे म्हटलं की दिल्लीत आपल्याला हा मान मिळतो. बाबा इथे राहायला यायचे तेव्हा ती त्यांच्या पाया पडायची, आठवतं? बाबा संकोचून दोन पावलं मागे सरकायचे आणि तिला "जय भीम, जय भीम" म्हणायचे. तिनं परवा पुन्हा विचारलं, बाबूजी कसे आहेत. मी सांगायचं विसरले होते तिला. वर्ष होत आलं आणि मी विसरले होते.

ती गेल्यावर मी बसून राहिले. मागच्या पत्रात एक गोष्ट मी खोटी लिहिली. ती दुरुस्त करायला हे पत्र.

सुट्टीचं मीच सांगितलं.

मी साडेतीनला हॉस्पिटलात पोहोचले. बाबा शुद्धीवर होते, तोंडावर मास्क होता. मी जवळ गेले, हात हातात घेतला. त्यांनी मला बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. दाराकडे. मास्क थोडा खाली ओढून म्हणाले, "संघपाल?" एवढंच. मी म्हटलं, "त्याला सुट्टी नाही मिळाली, बाबा. मिळाली की येतोच आहे." आई माझ्या पाठीशी उभी होती. तिनं ऐकलं.

मला वाटलं, आता बाबांना काय सांगत बसू, की तुमचा पोरगा चुकीच्या विमानतळावर गेला? त्यांनी काळजी केली असती. एवढ्या आजारी माणसाला कशाला त्रास? म्हणून पटकन जे सुचलं ते बोलले. नंतर आईला खरं सांगायचं होतं, पण सहा वाजून वीस मिनिटांनी बाबा गेलेच. मग सांगायला जागा राहिली नाही.

तू पहाटे तीनला आलास. हैदराबादपर्यंत विमान आणि पुढे टॅक्सी. आई ओसरीवर बसली होती. तुला बघून तिनं हंबरडा नाही फोडला, काही नाही. फक्त म्हणाली, "मिळाली का सुट्टी?" तू माझ्याकडे बघितलंस. मी मेणबत्तीसाठी काडेपेटी शोधत होते. काडेपेटी माझ्या समोरच होती.

नंतर तू मला अंगणात विचारलंस, "ताई, तू आईला काय सांगितलंस?" आणि मी म्हटलं, "मी कुठे काय सांगितलं?" त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. बरोबर आहे तुझं. बिल्कुल बरोबर आहे.

आता तरी ये. पत्रिका सोबत पाठवते.

ताई


सेक्टर १, मानेसर
२७ ऑक्टोबर

ताई,

जय भीम. दोन्ही पत्रं मिळाली.

सुट्टीचं कुणी सांगितलं ते मला त्याच पहाटे कळलं होतं. त्याची कबुली तू आता दिलीस, ठीक आहे. वर्षभरात मी आईला अकरा वेळा फोन केला. ती माझा आवाज ऐकते आणि ठेवते. सुट्टी मिळाली होती हे सांगायचीही संधी देत नाही. आणि सांगून तरी काय? चुकीच्या विमानतळावर गेलो हे खरंच आहे. तेवढी माझी चूक मी रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलो की मोजतो.

मला एकच विचारायचंय. त्या दिवशी सकाळी आठ चाळीसला टॅक्सीत बसल्याबरोबर मी तुला फोन केला होता. म्हटलं, "ताई, निघालो, पाऊण तासात एअरपोर्टला पोहोचतो." तू म्हणालीस, "बरं, ये." सत्तेचाळीस सेकंदांचा कॉल आहे. तुझ्या दोन्ही पत्रांत हा फोन कुठेच नाही.

मानेसरहून हिंडनला पाऊण तासात कुणी पोहोचत नाही, अडीच तास लागतात. हे टूर प्रोग्राम करणाऱ्या बाईच्या लक्षात आलं नाही का?

नसेल आलं तर तसं लिही. मी विश्वास ठेवीन.

संघपाल


मयूर विहार
२ नोव्हेंबर

संघपाल,

लक्षात आलं होतं.

हे तीन शब्द लिहायला मला चार दिवस लागले. तू शेवटी लिहिलंस ना, "मी विश्वास ठेवीन." ते नसतं लिहिलंस तर मी कदाचित नाही म्हणून मोकळी झाले असते. खरंच. एक पत्र लिहिलं होतं तसं, पाकीट बंद करून पोस्टापर्यंत गेलेही होते. परत आले.

आता सगळं लिहिते. मध्ये कुठे मी स्वतःची बाजू घ्यायला लागले तर तू समजून घे की ती माझी सवय आहे.

आदल्या दिवशी मेसेजमध्ये हिंडन लिहायचं राहिलं ते खरंच राहिलं. त्याची शपथ घेते. पण ऑफिसात नव्या आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, नुसतं दिल्ली लिहू नका, कुठला विमानतळ ते लिहा, साहेब भलतीकडे जातील. त्याच्या आदल्याच महिन्यात याच चुकीवरून मी एकाला सेक्शनभर ऐकू जाईल असं झापलं होतं.

तुझा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत टॉवेल वाळत घालत होते. "पाऊण तासात" हे तू म्हणालास आणि मला त्याच क्षणी कळलं. अकरा वर्षांची सवय आहे, वेळ ऐकली की अंतर आपोआप डोळ्यांसमोर येतं. मानेसर, पाऊण तास, म्हणजे पालम. हा चाललाय पालमला. एक शब्द बोलायचा होता मला. तू नुकता निघाला होतास. तेव्हा सांगितलं असतं तर सव्वाअकराला हिंडनला पोहोचला असतास, काउंटर उघडा होता. आपण शेजारी शेजारी बसून गेलो असतो.

मी म्हटलं, "बरं, ये."

का, ते विचारशीलच. मी स्वतःला वर्षभर विचारलंय आणि प्रत्येक वेळी मला तेच एक आठवतं. बाबांचा शर्ट.

डोळ्यांच्या ऑपरेशनला बाबा माझ्याकडे अडीच महिने होते. ड्रॉप्स मी घालायचे, दिवसातून सहा वेळा. रजा मी काढली. रोज संध्याकाळी त्यांना हात धरून पार्कात मी न्यायचे. आणि रविवार उजाडला की नऊ वाजता बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसायचे. कारण दुपारी एकला संघपाल येणार. तू दोन तास यायचास, जिलबी आणायचास, मॅच बघायचास आणि जायचास. तू गेलास की ते शर्ट काढून घडी घालून ठेवायचे. माझ्यासाठी त्यांनी कधी शर्ट बदलला नाही. मी घरातलीच ना! मी कधी बोलले नाही. हसून म्हणायचे, "बाबा, तुमचा लाडका आला बरं का." मला राग येत होता रे. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि मला शर्टाचा राग येत होता.

त्या सकाळी मला फक्त एवढं वाटलं, की एकदा, एकदाच, दारातून मी एकटी आत जावं आणि बाबांनी माझ्या मागे बघू नये. एक दुपार मला मिळावी. तू संध्याकाळपर्यंत दुसरं काहीतरी करून पोहोचशीलच. डॉक्टर दोन-तीन दिवस म्हणाले होते. बाबा त्याच संध्याकाळी जातील हे मला माहीत नव्हतं. यावर तरी विश्वास ठेव. नाही ठेवलास तरी मी काही म्हणू शकत नाही.

आणि फोन पर्समध्ये नव्हता. हातात होता. नऊ पस्तीसला वाजला, नऊ पन्नासला वाजला, दहा पाचला वाजला. मोहननगरच्या सिग्नलला माझी टॅक्सी उभी होती आणि तुझा फोटो स्क्रीनवर होता, तो आपण तुझ्या हळदीच्या दिवशी काढलेला, पिवळा झालेला. ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, फ़ोन बज रहा है." मी म्हटलं, "बजने दो." दहा वीसला उचलला. आता उचलला तरी हा पोहोचत नाही, हे घड्याळात बघून उचलला. आणि ओरडले, "अरे, पालमला काय करतोस, हिंडन, हिंडन!" किती खरं वाटलं असेल तुला ते. तू मलाच सॉरी म्हणालास. "सॉरी ताई, माझं डोकंच चाललं नाही" असं म्हणालास.

आणि शेवटी बाबांनी माझ्या मागे बघितलंच. ते मी तुला लिहिलंय.

काल अविनाशला सांगितलं. जेवता जेवता त्याचा हात थांबला. मग उठून हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. एका तासानं आत येऊन म्हणाला, "आईंना कधी सांगणार आहेस?" मी चार आठवड्यांची रजा टाकलीये. परवा नांदेडला निघते. तिच्या समोर बसून सांगणार आहे, फोनवर नाही.

तू माफ कर असं मी लिहीत नाही. लिहायला तोंड नाही.

लुंबिनी


नांदेड
१२ नोव्हेंबर

संघपाल,

जय भीम.

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी इथलं तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

आल्या आल्या सांगायचं ठरवलं होतं आणि चार दिवस काढले. आई माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटत होती, दिल्लीला न्यायला. रोज सकाळी ठरवायचे, चहा झाला की सांगू. चहा झाला की म्हणायचे, जेवण होऊ दे. पाचव्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "काय गं, आल्यापासून तोंड पाडून बसलीस. अविनाशरावांशी भांडलीस का?" मग मी सांगितलं. सगळं. आठ चाळीसचा फोन, सिग्नल, शर्ट, सुट्टी. काही ठेवलं नाही.

आई तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. ताट संपल्यावर म्हणाली, "मग मी वर्षभर कुणाला बोलले?"

तिनं ताट बाजूला सारलं.

"ते लेकरू फोन करायचं," ती म्हणाली, "आणि मी ठेवून द्यायचे. एकदा तर म्हटलं, की तू मेलास मला. म्हणाले होते मी त्याला. सांगितलं का त्यानं तुला?"

तू सांगितलं नाहीस, संघपाल. एवढं तू कुणालाच सांगितलं नाहीस.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, सगळं करायची, पण बोलायची नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पार्वतीमावशी आल्या तर आईनं त्यांना माझ्यासमोर सांगितलं, "माझ्या पोराला सुट्टी मिळाली होती. ही खोटं बोलली होती." मला म्हणाली, "सांग यांना." मी सांगितलं. मग ती मला घेऊन ज्यांना ज्यांना पत्रिका दिल्या होत्या त्यांच्या घरी गेली. दोन दिवसांत एकोणीस घरं. प्रत्येक घरी बसायचं, पाणी प्यायचं, आणि मी सांगायचं. बाबांच्या शाळेतले अंशुमन सर, ज्यांनी मला गणित शिकवलं, त्यांच्यासमोर माझा आवाजच फुटेना. आई म्हणाली, "सांग." सांगितलं.

उरलेल्या पत्रिकांवर काल रात्री जेवणानंतर तिनं स्वतः पेनानं तुझं नाव लिहिलं. माझ्या नावाच्या वर. अक्षर थरथरतं तिचं, तरी मला लिहू दिलं नाही.

मी म्हटलं, "आता त्याला फोन लाव, आई." तर म्हणाली, "काय म्हणून लावू? त्यानं ठेवून दिला तर?" मग विचारलं, "किती लांब आहे गं तो?"

मी म्हटलं, "विमानानं दोन तास."

"दोनच?" ती म्हणाली. "मला वाटलं, रेल्वेवाणी दीस जातो." आणि पदर डोळ्यांना लावून रडली. बाबा गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं.

लुंबिनी


नांदेड
२१ नोव्हेंबर

संघपाल,

जय भीम.

हे पत्र पोस्टानं नाही. आईच्या हातात दिलंय. म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा ती तुझ्या घरी पोहोचलेली असेल, आणि प्रभानं तिला चहा दिलेला असेल. चहात साखर नको, शुगर वाढलीये. तिला विचारलंत तर ती घाल म्हणेल.

प्रभाला मी फोनवर सगळं सांगितलं आहे. विमान हिंडनला उतरेल, वेळ दुपारी बारा दहा, व्हीलचेअर सांगितली आहे, हातात निळी पिशवी असेल. प्रभानं तुला विचारून मला उलट फोन केला. म्हणाली, "ते म्हणतात मी जाईन घ्यायला." मी विचारलं, माझ्यासाठी काही म्हणाला का. ती म्हणाली, "नाही, ताई." पहिल्यांदाच खरं बोलली माझ्याशी.

तिकीट एकच काढलंय. मी बरोबर निघाले होते, आई एकटी कधी विमानात बसलेली नाही. पण ती नको म्हणाली. "तू हितं थांब. तिथं मला नि त्याला बसू दे." मी तिला म्हटलं, भीती नाही का वाटणार? तर म्हणाली, विमानात सगळे सरदारजीच असतात ना, ते म्हाताऱ्या माणसाला बघतात. २५ तारखेला तू तिला घेऊन ये. मी मागे बसेन कार्यक्रमात. मेणबत्ती तू लाव. तुझ्याशी बोलायला मी पुढे येणार नाही. तुला वाटलं तर तू ये, नाही वाटलं तर नको. तेवढं तुझ्यावर.

अजून एक राहिलंय. हे मी आईलाही काल सांगितलं. ती म्हणाली, "हे मी नाही त्याला सांगायची. तूच लिही. तुझ्याकडून गेलं पाहिजे." म्हणून लिहिते.

त्या दिवशी पाचच्या सुमारास आई औषधं आणायला खाली गेली होती. बाबांजवळ मी एकटी होते. मला हवं होतं तसं. बाबांनी मास्क बाजूला केला. मी म्हटलं, बोलू नका, दम लागतो. तरी बोलले. तुझ्यासाठी निरोप होता. मी तो वर्षभर तुला दिला नाही, कारण तो दिला असता तर सुट्टीचं मी सांगितलं होतं हे आपोआप कळलं असतं. बाबांनी माझ्या त्या खोट्यावर पूर्ण विश्वास ठेवला होता, आणि त्यावरच ते तुला बोलले. शब्द जसेच्या तसे देते. एकही माझा नाही.

"त्याला म्हणावं, सुट्टीसाठी साहेबाशी भांडू नको. नोकरी सांभाळ. घाईनं येऊ नको, निवांत ये. मी आहे."